तौक्तेनंतरचे जांभूळ

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईला झोडपत गुजरातकडे सरकले आणि झाडांची पाहणी करणाऱ्या आमच्यासारख्यांना पुढे कित्येक दिवस उसंत मिळाली नाही. त्या धावपळीत विलेपार्ल्यातील एका सोसायटीच्या आवारातील जांभूळ पाहिले. त्याची एक मोठी फांदी खोडाची साल ओरबाडत खाली आली होती, शेंडा मोडून लोंबत होता आणि लाद्यांवर कच्च्या हिरव्या जांभळांचा सडा पडला होता. "यात आता काय राहिलंय? तोडूनच टाका, एकदाची कटकट जाईल," असे सेक्रेटरी म्हणाले.

मी आधी बुंध्याभोवतीची माती पाहिली, कारण मुळे उचकटली असतील तर वरच्या हिरवाईला काही अर्थ उरत नाही. मातीला भेग नव्हती; लाकडी हातोडीने ठोकल्यावर खोडाचा आवाज सगळीकडे भरीव आला. पर्णसंभारही निम्म्याहून थोडा अधिक शाबूत होता. जानेवारी 1998 मध्ये पूर्व कॅनडा आणि ईशान्य अमेरिकेत पडता पडता गोठणाऱ्या पावसाने मेपल, बीच, बर्च अशी रुंदपर्णी झाडे बर्फाच्या भाराने मोडली, तेव्हाही हाच हिशेब कामी आला होता : निम्म्याहून कमी पर्णसंभार गमावलेली झाडे बहुधा तगतात, तीन चतुर्थांशाहून अधिक गमावलेली फारशी तगत नाहीत. ती झाडे त्या वेळी निष्पर्ण असतात आणि मुळांत व लाकडात साठवलेल्या पिष्टाच्या बळावर वसंतात सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून फुटतात. आमचे जांभूळ मात्र भर पानांत असताना मोडले होते, म्हणजे अन्न तयार करणारी पानेच गेली होती. पण त्याला वसंताची वाट पाहायची नव्हती, पाऊस तोंडावर आला होता.

म्हणूनच "तोल साधण्यासाठी" दुसरी बाजूही छाटा, हा सभासदांचा आग्रह मी मानला नाही. मोडका शेंडा उतरवला आणि फाटलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कडेला धक्का न लावता, तिच्या बाहेरून कापला. एक काका डांबराचा डबा घेऊन उभेच होते. त्यांना समजावले, की झाड जखमी लाकूड पुन्हा तयार करत नाही. ते त्याभोवती आतून भिंती घालते आणि वरून नवे लाकूड चढवते. अमेरिकन वनखात्यातील अॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे चिरून हे दाखवून दिले, आणि जखमेवरच्या लेपाने कूज थांबत नाही, हेही. काकांना ते पटले असे वाटत नाही, पण डबा त्यांनी परत नेला.

पावसाळ्यात कापाखाली तांबूस पानांच्या धुमाऱ्यांचे झुबके आले. सभासद खूश झाले; मला मात्र तिथेच खरी काळजी होती. असे धुमारे खोडाच्या केवळ बाहेरच्या थरात रुजलेले असल्याने जाड झाल्यावर सहज निखळतात. पहिल्या वर्षी त्यांना हात लावायचा नाही आणि पुढे दरवर्षी थोडे विरळ करत दोन-तीन दणकट तेवढे राखायचे, असे मी सेक्रेटरींना लिहून दिले.