खोडलेल्या ओळी

मागच्या महिन्यात एका जवळच्या मैत्रिणीचे वडील गेले. कळलं तेव्हा हातात फोन होताच. तिला लिहायला घेतलं, तर दोन अक्षरं टाइप होईतो कीबोर्डच्या वरच्या पट्टीत पुढचं सगळं तयार: 'भावपूर्ण', 'श्रद्धांजली'. दोनदा बोट टेकवलं की काम झालं. मी फोन पालथा ठेवला आणि वही काढली.

ते पान आत्ता समोर आहे. पहिली ओळ 'काळजी घे'. खोडली, कारण घरातल्या सगळ्यांची काळजी तीच घेते आहे, तिला आणखी काय सांगायचं? दुसरी, 'काही लागलं तर सांग'. ही खोडताना हात अडला. अगदी मनापासून लिहिली होती. पण परत वाचल्यावर जाणवलं, यात मागण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडतंय. तिसरी ओळ 'काका शांत होते'. त्यातलं 'शांत' खोडून 'मोजकं बोलायचे' केलं, मग तेही खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'माझ्या सायकलची चेन काकांनी बसवून दिली होती, एक शब्दही न बोलता.' आणि त्याखाली: 'मी गुरुवारी संध्याकाळी येते. बोलावंसं वाटलं नाही तर नुसती शेजारी बसेन.'

एवढंच फोनवर उतरवून पाठवलं. तिला दोन स्वच्छ ओळी मिळाल्या. पण सायकलची चेन मला पहिल्या फटक्यात आठवली नव्हती. आधी 'शांत' आणि मग 'मोजकं बोलायचे' खोडल्यावर आठवली.

तेव्हापासून खाडाखोडीकडे मी वेगळ्या नजरेने बघते आहे. रवींद्रनाथ टागोर कवितेच्या हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जायचे, त्यातून पक्षी आणि विचित्र प्राणी उमटायचे. पुढे त्यांनी खरोखरच चित्रं काढायला घेतली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३० मध्ये, पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चार्ल्स डार्विनच्या १८३७ च्या वहीत एका पानावर वर 'मला वाटतं' एवढंच लिहिलंय आणि खाली फांद्या फुटलेलं एक वेडंवाकडं झाड. ती वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वीसेक वर्षं गायब होती. २०२२ मध्ये कुणीतरी ती गुलाबी पिशवीत घालून गुपचूप परत ठेवून गेलं. ही बातमी वाचताना मला भरून आलं होतं. उत्क्रांतीचा अख्खा सिद्धांत छापील पुस्तकात सुरक्षित आहेच, तरी त्या अर्धवट पानासाठी जीव का तुटतो, हे आता जरा कळतंय.

बॅकस्पेस दाबला की आधीचा शब्द जणू कधी नव्हताच. चित्र काढतानाचे व्हिडिओ बघते, त्यातही हात भराभर फिरतो आणि मिनिटभरात चेहरा पूर्ण होतो. चित्रकार जिथे तासभर अडून बसला असेल, नेमका तोच तुकडा कापलेला असतो. नुकतंच चित्र काढायला लागलेल्या मुलाला मग वाटतं, आपलाच हात वाईट.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून तर पहिला खर्डाच नीटनेटका मिळायला लागला. ऑफिसची पत्रं, बैठकांची टिपणं यांसाठी मी ते रोज वापरते आणि त्याने वाचलेला वेळ मला हवाच असतो. पण मैत्रिणीला काय लिहायचं हे त्याला विचारलं असतं, तर त्याने मला बरी ओळ दिली असती आणि मी तिथेच थांबले असते. सायकलपर्यंत पोचलेच नसते. मला भीती वाटते ती या थांबण्याची.

आता मी पेननेच लिहिते. आणि खोडताना गिरवून काळं करत नाही, एकच आडवी रेघ मारते, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो.

गुरुवारी गेले. बराच वेळ दोघी गप्प बसलो होतो. मग तिनेच विचारलं, "सायकलचं खरं का गं? मला कधी बोलली नाहीस." मी सांगितलं. काकांच्या बोटांना लागलेलं काळं ग्रीस, ते पुसायला त्यांनी खिशातून काढलेला पांढरा स्वच्छ रुमाल, आणि चेन बसल्यावर पायडल हाताने एकदा उलटं फिरवून बघणं. ती म्हणाली, "रुमालाचं परत सांग."