तुम्ही विचारलेत म्हणून: ती विमाने भंगारात का गेली नाहीत?

मी ऑस्ट्रेलियातून पुण्यात आलो की कोणी ना कोणी विचारतेच, की दुसऱ्या महायुद्धात कोसळलेली विमाने तिथल्या रानात अजून कशी पडून आहेत आणि भंगारवाल्याने ती उचलली कशी नाहीत. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे एवढे ॲल्युमिनियम आठवडाभरही उघड्यावर राहिले नसते.

ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजून झडत नाही, हे एक कारण झाले. खरे कारण मात्र जागेत आहे, आणि त्यासाठी मी 'लिटल इव्हा'ची हकिकत सांगतो. हे अमेरिकेचे बी-२४ लिबरेटर जातीचे बॉम्बफेकी विमान १ डिसेंबर १९४२ रोजी क्वीन्सलंडच्या आयर्न रेंज तळावरून न्यू गिनीच्या मोहिमेवर गेले, परतताना वादळात वाट चुकले आणि इंधन संपत आल्यावर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटारियाच्या आखाताजवळ, बर्कटाउनच्या वायव्येला मूनलाइट क्रीकपाशी कोसळले. हवाई छत्रीने उतरलेल्यांपैकी वैमानिक क्रॉसन आणि त्याचा एक सोबती सुमारे दोन आठवड्यांत एका गुरांच्या वाडीपर्यंत (तिकडे तिला 'स्टेशन' म्हणतात) पोहोचले. दुसरे चौघे मात्र आपण पूर्व किनाऱ्यावर आहोत असे समजून चालू लागले आणि आखाताच्या काठाने पश्चिमेकडे, वस्तीपासून दूर दूर जात राहिले. पुढे पावसाळा होता, फुगलेल्या नद्या होत्या. एक जण नदीत बुडाला, दोघे फेब्रुवारीत उपासमारीने गेले.

तो मुलूख आजही फारसा बदललेला नाही. पावसात तिथले कच्चे रस्ते बंद होतात, खाड्यांत मगरी असतात, आणि एवढे अवजड विमान कापून बाहेर काढायचे तर वाहतुकीचाच खर्च धातूच्या किमतीहून जास्त होईल. जिथे गाडी सहज पोहोचते तिथल्या अवशेषांचे सुटे भाग हौशी मंडळींनी आठवण म्हणून केव्हाच नेले आहेत, तेव्हा तिकडची माणसे आपल्याहून निर्लोभी आहेत असे कृपया समजू नये. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावच्या रोबक उपसागरातल्या, ३ मार्च १९४२ च्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या उडत्या बोटींचे (म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे) सांगाडे तर मोठ्या ओहोटीलाच चिखलातून वर दिसतात.

'लिटल इव्हा'च्या त्या चौघांपैकी ग्रेडी गॅस्टन तेवढा उरला. साप, रानफळे, जे मिळेल ते कच्चेच खाऊन तो १४१ दिवस जगला, आणि एप्रिल १९४३ मध्ये तिथल्या आदिवासी गुराख्यांनी त्याला शोधून सेव्हन इमू स्टेशनवर नेले.