खालचा सूर डायोडातून नको: घरगुती बेस पेडलची रोजनिशी

सोमवार, रात्री

गिटारसाठी काढलेला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, बेस गिटारला लावला की आवाज पातळ होतो, आणि खापर फुटतं बिचाऱ्या आयसीवर. टीएल०७२ काढा, ४५५८ घाला (दोन्ही ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिप), नाहीतर महागातली चिप मागवा, असे सल्ले लगेच येतात. चिपचा इथं काही संबंध नसतो. कपॅसिटर बघायचे.

हिशेब सोपा आहे. १५९ ला किलोओहम आणि मायक्रोफॅरॅड यांच्या गुणाकारानं भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. त्याच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हमध्ये गेनच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या, टप्प्यावर ४.७ के (किलोओहम) आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅड अशी जोडी आहे. गुणाकार ०.२२, म्हणजे ७२० हर्ट्झ. चार तारांच्या बेसची मोकळी ई वाजते ४१.२ हर्ट्झला आणि मोकळी जी ९८ ला. चारही तारांचे मूळ सूर त्या उतरणीच्या पार पायथ्याशी. ड्राइव्ह पूर्ण उघडा ठेवला तर हिशेबानं वरच्या सुरांना ११८ पट गेन मिळतो आणि खालच्या ई ला जेमतेम ७ पट.

मग पहिला मोह होतो तो ०.०४७ उपटून तिथं १ मायक्रोफॅरॅड ठोकण्याचा. ३४ हर्ट्झपर्यंतचं सगळं आत येतं, खरं आहे. पण जाड सूर आला की सिग्नलची टोकं छाटून डिस्टॉर्शन देणारे डायोड त्याच्यावरच उघडझाप करत राहतात आणि त्याच्याबरोबर आलेलं बाकी सगळं चिरडलं जातं. एकेक स्वर वाजवला तर चालून जातं. दोन तारा एकदम छेडल्या की नुसता चिखल.

माझं मत उलटं आहे. डायोडच्या वाटेला बेस धाडूच नये. तिथं ०.१ मायक्रोफॅरॅड ठेवायचा, म्हणजे ३४० हर्ट्झच्या आसपास, मुद्दाम पातळ. मूळ सूर वेगळ्या वाटेनं, डायोडला वळसा घालून, जसाच्या तसा न्यायचा आणि शेवटी दोन्ही एका नॉबवर मिसळायचे. मिरजेच्या तंबोऱ्यात दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा षड्ज जागचा हलत नाही, वरचे स्वर तेवढे उमलतात. बेसच्या डिस्टॉर्शनमध्ये हवं ते नेमकं हेच.

मंगळवार

सर्किट कागदावर. दोन टीएल०७२, म्हणजे चार ऑप-अँप.

पहिला बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढं देणारा. इनपुटला ०.०२२ मायक्रोफॅरॅड, पुढं १ मेगओहम सप्लायच्या अर्ध्या व्होल्टेजला. १५९ भागिले २२, साधारण ७ हर्ट्झ, पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झची बी सुद्धा आरामात आत. स्विच दाबल्यावर ‘टप्प’ होऊ नये म्हणून जॅकपाशी २.२ मेग ग्राउंडला. या दोघांमुळं इनपुट इम्पीडन्स प्रत्यक्षात ६९० के च्या घरात येतो. पॅसिव्ह पिकअपला तेवढा पुरे. फझच्या काही जुन्या सर्किटांत असतो तसा १०० के च्या खाली मात्र नको. पिकअपवर भार पडतो आणि वरची धार बोथट होते.

दुसरा गेनचा. बफरच्या आउटपुटवरून थेट प्लस पायाला. फीडबॅकमध्ये ५०० के चं पॉट आणि मालेत ४७ के, त्यावर उलटसुलट दोन १एन४१४८ डायोड, शिवाय १०० पिकोफॅरॅड. मायनस पायापासून ग्राउंडला ४.७ के आणि ०.१. तो १०० पिकोचा दाणा गाळू नये: पॉट पूर्ण असताना ३ किलोहर्ट्झच्या वरची सळसळ तोच अडवतो. डायोडऐवजी लाल एलईडी लावल्या तर क्लिपिंग (टोकं छाटणं) उशिरा सुरू होतं, आवाज मोठा आणि मोकळा लागतो. बोटांनी वाजवणाऱ्याला एलईडी, पिकवाल्याला १एन४१४८, असं साधारण जमतं.

हा टप्पा नॉन-इन्व्हर्टिंगच (सिग्नल उलटा न करणारा) का? दोन वाटांपैकी एक उलटी झाली तर मिसळताना खालचे सूर एकमेकांना खातात. तपासायची पद्धत: ब्लेंड (मिसळण्याचा नॉब) बरोबर मध्ये ठेवून मोकळी ई वाजवा. दोन्ही टोकांना आवाज भरलेला आणि मध्येच पोकळ असेल तर कुठंतरी फेज उलटलाय. फिल्टरमुळं थोडं मागंपुढं होतंच, पण ते कानाला चालतं.

ब्लेंडचं पॉट १०० के, लिनिअर. एक टोक बफरच्या आउटपुटला, दुसरं गेनच्या. दोन्हीकडं डीसी सारखाच, म्हणून मध्ये कपॅसिटर लागत नाही आणि नॉब खरखरत नाही. मधला पाय तिसऱ्या ऑप-अँपला, तो परत बफर. चौथा मोकळा राहतो. त्याला अधांतरी सोडू नका, प्लस पाय अर्ध्या व्होल्टेजला आणि आउटपुट मायनसला जोडून टाका. नाहीतर तो स्वतःशीच शिट्ट्या मारत बसतो.

बुधवार

सामान. टीएल०७२, १एन४१४८, रेझिस्टर, झिरो बोर्ड (भोकांचा तयार बोर्ड) कोल्हापुरात मिळतं. ३पीडीटी फूटस्विच बहुतेकांना कुरिअरनंच मागवावा लागतो. पॉटवरच्या ए (लॉग) आणि बी (लिनिअर) या खुणांवर डोळे झाकून विश्वास नको: नॉब मध्ये ठेवून मधला पाय आणि सुरुवातीचा पाय मोजा. निम्मा रेझिस्टन्स आला तर लिनिअर, दहा-पंधरा टक्के आला तर लॉग. सिग्नलच्या वाटेत सिरॅमिक १०४ (०.१ मायक्रोफॅरॅड) नको, डब्याला टिचकी मारली तरी स्पीकरमधून ऐकू येते. पॉलिएस्टरचे घ्या.

गुरुवार

सप्लाय. सेंटर निगेटिव्ह ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, मालेत १एन५८१७ (उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड), मग १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरॅड. अर्धं व्होल्टेज काढायला दोन १० के आणि मध्यावर ४७ मायक्रोफॅरॅड. घरात पडलेला राउटरचा अ‍ॅडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा आणि सेंटर पॉझिटिव्ह असतो. १एन५८१७ असल्यानं काही जळत नाही, पेडल नुसतं मेल्यासारखं पडतं. पिन उलटी करून १२ व्होल्ट दिले तर चिपला काही होत नाही, पण कपॅसिटर २५ व्होल्टचे हवेत. १० व्होल्टचा बसवला असेल तर तो फुगणार.

चालू केल्यावर आधी मीटर. दोन्ही चिपचा पाय ४ शून्य, पाय ८ साधारण ८ व्होल्ट, पाय १ आणि ७ त्याच्या निम्मे. इथं एक गंमत आहे. पहिल्या चिपच्या पाय ३ वर स्वस्तातला पिवळा मीटर टेकवला की ४ च्या जागी २ व्होल्ट दिसतात. त्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेग असतो, बायसचाही १ मेग, म्हणजे मीटर टेकवताक्षणी व्होल्टेज निम्मं होतं. चिप बदलायला धावू नका. पाय १ वर मोजा, तिथं खरं कळतं.

शुक्रवार

हम, म्हणजे विजेची घरघर. यावर रात्रभर बोलता येईल.

बेसवाल्याला एक सोय आहे जी गिटारवाल्याला नाही: हम कुठला, ते वाजवून कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी ४९ हर्ट्झचा. तो स्वर हलका धरला आणि हमबरोबर सेकंदाला एक अशी संथ लाट ऐकू आली, तर घरघर ५० ची आहे. म्हणजे ती बाहेरून येते: केबल, पिकअप, ग्राउंडची लूप, जवळचा ट्रान्सफॉर्मर. मोकळी जी ९८ ची. तिच्याबरोबर सेकंदाला दोन लाटा आल्या तर घरघर १०० हर्ट्झची. ती रेक्टिफायरच्या पुढची, सप्लायच्या फिल्टरमधली. मग १०० मायक्रोफॅरॅडचा ४७० करा. पहिल्या जातीच्या हमला कपॅसिटर वाढवून काडीचा फरक पडत नाही. बेस नीट सुरात लावलेला हवा, एवढीच अट. आणि घरघरीत दोन्ही थोडी थोडी असतात. जी लाट ठळक ती धरायची.

तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर जोडणी बरोबर आहे, शिल्डिंग अपुरं आहे. हात लावल्यावर वाढला तर जॅकवर हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली आहे. तांब्याची पट्टी चिकटवून शिल्डिंग करताना गोंद वीज वाहून नेणारा असेलच असं नाही. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्या आणि मीटरनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा, १ ओहमच्या आत यायला हवं.

आता महत्त्वाचं. पेठांतल्या काही जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण मागं अर्थची वायरच नसते. दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमधून गळणारा करंट तारांवर झिणझिण्या देतो. तो अगदी थोडा असतो. पण अ‍ॅम्पच्या आत काही बिघडलं आणि अर्थ नसला, तर पूर्ण २३० व्होल्ट ब्रिजवर येऊ शकतात. हम जावा म्हणून अ‍ॅम्पची अर्थची पिन काढणं हा शहाणपणा कुणी शिकवला असेल तर तो विसरा. वायरमन बोलवा, अर्थ तपासून घ्या, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. इथं ‘नाद खुळा’ नको.

शनिवार, पाऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात घरगुती पेडलांना खोकला लागतो. उन्हाळ्यात गप्प असलेला बोर्ड पावसाळ्यात चरचरायला लागतो, कारण बहुधा सोल्डरची पेस्ट. डबीतली पिवळी पेस्ट टोकाला भरपूर लावून सोल्डर मारलं की थर बोर्डवर राहतो, तो ओल धरतो आणि १ मेगच्या जागी शेजारच्या पट्टीतून गळती सुरू होते. पेस्ट नकोच. पोटात रोझिन असलेली ६०-४० ची तार, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. घासून झाल्यावर सुती कापडानं टिपा, नाहीतर घाण फक्त इकडून तिकडं पसरते. सगळ्यांत जास्त लक्ष पहिल्या बफरच्या पाय ३ भोवती.

पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर. शिलाई मशीनचं तेल नव्हे.

रविवार

डबा. ११२ बाय ६० बाय ३१ मिलीमीटरचा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा डबा गिटारवाले वापरतात तोच, पण दोन चिप, तीन पॉट आणि स्विच त्यात दाटीवाटीनंच बसतात. एक माप मोठा घ्यावा. स्टीलचा जेवणाचा डबा शिल्डिंगला उत्तम, फक्त त्याला साध्या रोझिननं सोल्डर चिकटत नाही; स्क्रू आणि रिंग टॅगनं ग्राउंड घ्यायचा. भोकं हातड्रिलनं वाकडी जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात उभ्या ड्रिलवर पाडून घेतली की प्रश्न मिटतो. फूटस्विच १२ मिमी, १६ मिमीच्या पॉटला ७, जॅकला साडेनऊ ते दहा. पाडण्याआधी जॅकमध्ये प्लग खुपसून बघा: आतली पत्ती मागं सरते आणि पॉटच्या पाठीला टेकते. प्लग घातल्यावरच आवाज बंद होतो अशा पेडलांत बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं. पावडर कोटिंग केलं असेल तर जॅकच्या वॉशरखालचा रंग खरवडा, नाहीतर डबा ग्राउंडला लागतच नाही.

आउटपुट शेवटी ठेवलं कारण त्याची चूक घरी कळत नाही. गिटारच्या सर्किटांत शेवटी ०.१ मायक्रोफॅरॅड पुष्कळदा असतो. पुढं १ मेगचा अ‍ॅम्प असेल तर काहीच बिघडत नाही. गणपतीतल्या कार्यक्रमात तेच पेडल मिक्सरच्या १० के च्या लाइन इनपुटला लावलं की १५९ भागिले १: खालचा सगळा बेस गेला, आणि साउंडवाल्याशी वाद सुरू. इथं १० मायक्रोफॅरॅड घाला, प्लस टोक चिपकडं, आणि व्हॉल्यूमचं पॉट १०० के ऐवजी १० के लॉग. टीएल०७२ ला तेवढा भार सहज पेलतो. मिक्सर जोडल्यावर ५ के उरतात, म्हणजे ३ हर्ट्झ. मिक्सरवरचा लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबलेला नाही ना, तेवढं मात्र आधी बघून घ्या.