कर्ल्यूची काख दिसेपर्यंत

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे कर्ल्यू, म्हणजे लांब, खाली वळलेल्या चोचीचे किनारपक्षी, बहुतेक ओरिएंटॅलिस उपजातीचे, म्हणजे सायबेरियात वीण करणारे. पुस्तकात हे एका ओळीत वाचून होतं. मला मात्र समोर उभ्या पक्ष्यावरून ते पटवून घ्यायचं होतं. त्यासाठी कित्येक हिवाळे आक्षीच्या पुळणीवर गेलो.

चोचीचा निकष मी लवकरच बाजूला ठेवला. ओरिएंटॅलिसची चोच सरासरीने लांब असते खरी, पण कुठल्याही उपजातीत मादीची चोच नरापेक्षा बरीच लांब, आणि त्या वर्षीच्या पिल्लाची तर अजून वाढायचीच असते. रंगही तसाच फसवा. ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्या प्रौढ पक्ष्याची पिसं वापरून विटलेली असतात, त्यामुळे युरोपातल्या आर्क्वाटा उपजातीचा गडद पक्षीसुद्धा त्या दिवसांत फिकट दिसू शकतो.

म्हणून मी आधी पिसांचं वय वाचायला शिकलो, आणि खरी गोडी तिथेच लागली. प्रौढाची उड्डाणपिसं आतून बाहेरच्या क्रमाने बदलतात. शरद ऋतूत पंख उघडला की आत नवी, गडद, धारदार कडांची पिसं, मध्ये खाच, आणि टोकाला जुनी, झिजलेली, तपकिरी पिसं, असं सगळं एकदम दिसतं. पिल्लाची पिसं मात्र सगळी एकाच वयाची असतात. पाठीवरच्या पिसांच्या कडांना पिवळसर नक्षी असते, आणि उड्डाणपिसं ते त्या हिवाळ्यात बदलत नाही. मार्चच्या सुमारास प्रौढांच्या मानेवर, छातीवर उबदार पिवळसर छटा चढते. हे वाचता आलं, की रंगातला किती भाग ऋतूचा आणि किती उपजातीचा, ते वेगळं करता येतं.

उरते काख. उन्हाने तपकिरी रंग विटतो, पण काखेतल्या पिसांवर ठळक पट्टे आहेत की नाहीत, हे सहसा कळतं. आर्क्वाटाच्या काखेत पट्टे असतात. ओरिएंटॅलिसची काख आणि पंखाखालची बाजू जवळपास स्वच्छ पांढरी असते. भरतीच्या वेळी पक्षी पुळणीच्या वरच्या अंगाला गोळा होतात. उतरल्यावर क्षणभर पंख उंच धरतात, किंवा आळस देतात. तेवढ्यात फोटो घ्यायचा. त्यांना मुद्दाम कधीच उडवू नये. पिसं बदलण्यात आणि पुढच्या प्रवासात त्यांची ताकद खर्ची पडते, आणि भरतीत विसाव्याला जागा थोडीच उरते.

तरीही प्रत्येक पक्ष्याचा निकाल लागत नाही. व्होल्गा ते युरलच्या पट्ट्यात या दोन्हींच्या मधल्या रूपाचे पक्षी आहेत, आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातल्या सुश्किनी या तिसऱ्या उपजातीची काखही पांढरीच. म्हणून काख स्वच्छ दिसली तरी मी वहीत ‘ओरिएंटॅलिससारखा’ असंच लिहितो, आणि शेजारी पिसांची अवस्था, वय आणि तारीख नोंदवतो.