ऊन, फवारणी आणि उपाशी माशी

मधमाशा का मरतायत असा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळा दोष फवारणीच्या कीटकनाशक औषधांचा, दुसरी म्हणते छे, हे वाढतं ऊन. मला हा वादच पटत नाही, कारण माशीच्या पेशीत काय चालतं ते वाचत गेलं की दिसतं, तिथे ऊन, औषध, व्हायरस आणि भूक ही चार वेगळी प्रकरणं नसतातच मुळी.

आधी उन्हाचं बघू. पोळ्यात जिथे अळ्या वाढतात तिथलं तापमान माशा ३४-३५ अंशांच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर ४२ असलं तरी, पाणी आणून पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा. पण पाणी आणायला गेलेली कामकरी माशी स्वतः उन्हातच असते ना. शरीर फार तापलं की पेशीतल्या प्रोटीनची घडी विस्कटते, आणि विस्कटलेली प्रोटीन्स नुसती निकामी होत नाहीत तर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, ते जास्त घातक. मग पेशी हीट शॉक प्रोटीन्स बनवायला लागते, त्यातलं एचएसपी ७० बरंच ऐकलेलं असेल, ही विस्कटलेली घडी पुन्हा घालायला मदत करतात. फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने १९६२ साली फळमाशीवर काम करताना हा प्रतिसाद पहिल्यांदा नोंदवला आणि पुढे कळलं की बॅक्टेरियापासून माणसापर्यंत जवळपास सगळ्यांकडे तो आहे.

आता खरी गंमत पुढे आहे. या दुरुस्तीला ऊर्जा लागते, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या टीमने दाखवलं की मधमाशीत उष्णतेचा प्रतिसाद आणि रोगप्रतिकाराचा एक मोठा भाग एकमेकांना मागे ओढतात. म्हणजे जंतूंना मारणारी छोटी प्रोटीन्स असतात ना, अ‍ॅबेसिन, हायमेनोप्टेसिन वगैरे, त्यांच्या जीन्सचं काम उन्हाचा ताण आला की मंदावतं. पण लगेच असंही समजू नका की ऊन म्हणजे रोगाला आमंत्रणच, कारण २०२० मध्ये अमेरिकेतल्याच मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीत व्हायरस टोचलेल्या माशांना काही तास ४२ अंशात ठेवलं तर त्यांच्यातला व्हायरस उलट बराच कमी झाला. एकाच प्रतिसादाने एक बाजू झाकली जाते आणि दुसरी उघडी पडते. मला तर हे फार विलक्षण वाटतं.

औषधांकडे येऊ. २००६ साली युरोपियन मधमाशीचा, म्हणजे मेलिफेराचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा संच, वाचला गेला तेव्हा कळलं की विष मोडणाऱ्या पी४५० गटातले जीन्स तिच्याकडे फक्त ४६ आहेत, फळमाशीकडे याच्या जवळपास दुप्पट. पण कमी आहेत म्हणजे बिनकामाचे आहेत असं नाही. इमिडाक्लोप्रिड आणि थायाक्लोप्रिड ही दोन्ही कीटकनाशकं निओनिकोटिनॉइड या एकाच गटातली, तरी पहिलं माशीला शेकडो पटींनी जास्त विषारी. का? तर २०१८ मध्ये सापडलं की याच पी४५० गटातलं सीवायपी९क्यू३ नावाचं एन्झाइम थायाक्लोप्रिड पटापट मोडतं आणि इमिडाक्लोप्रिडसमोर मात्र फारसं चालत नाही. एवढ्या एका फरकावर माशीचं जगणं-मरणं! आणि माशी मेली नाही म्हणजे सुटली असंही नाही, २०१३ मध्ये इटलीत दिसलं की क्लोथियानिडिन हे त्याच गटातलं औषध कमी डोसमध्येसुद्धा माशीची प्रतिकारयंत्रणा दाबतं आणि मग अंगात गुपचूप असलेला, पंख वेडेवाकडे करणारा डिफॉर्म्ड विंग व्हायरस वाढायला लागतो.

आणि भूक. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा आणि आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मे बेरेनबॉम यांच्या टीमने २०१३ साली दाखवलं की परागकणांच्या भिंतीत असलेलं पी-कुमारिक अ‍ॅसिड माशीच्या पोटात गेलं की विष मोडणारे जीन्स आणि काही प्रतिकाराचे जीन्सही जागे होतात. कौमाफॉस हे औषध, जे कीड मारायला पाळणारेच पेटीत घालतात, ते माशीच्या आतड्यात सुमारे ६० टक्के जास्त मोडलं गेलं, फक्त या एका पदार्थामुळे. हा पदार्थ परागातून मधातही उतरतो पण फुलं नसताना पाळणारे माशांना देतात त्या साखरेच्या पाकात नसतो. शिवाय परागाच्या प्रोटीनमधून तरुण माशा व्हिटेलोजेनिन नावाचं प्रोटीन बनवतात, ते अन्न साठवायला तर लागतंच पण पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यातूनही वाचवतं, आणि ते कमी पडलं की माशी लवकर बाहेरच्या कामाला लागते आणि लवकर मरते.

हे सगळं डोक्यात ठेवून आपल्या नगर-जालन्याकडचा कांदा बियाण्याचा प्लॉट बघा. फुलोरा ऐन ऊन वाढायला लागतं तेव्हाच, मैलभर एकच पीक म्हणजे पराग एकाच चवीचा, आणि वरून फवारणी. बी धरायला माशी तर हवीच. औषधाची चाचणी मात्र धडधाकट, पोटभर खाल्लेल्या माशीवर होते, एका वेळी एकच औषध देऊन. शेतातली माशी तशी नसते हो! माझं स्पष्ट मत आहे की तापलेल्या आणि उपाशी माशीवर चाचणी झाल्याशिवाय कुठल्याही औषधाला माशीसाठी सुरक्षित म्हणूच नये.

यातलं बहुतेक काम मेलिफेरावर झालंय, आपली देशी मधमाशी सातेरी ही वेगळी जात आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. सातेरीवर असं काम आपल्याच मातीत व्हायला पाहिजे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे. तोवर पेट्या ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन, पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा पाक द्यावाच लागतो, तो द्या, पण मध काढताना परागाने भरलेल्या चौकटी माशांनाच राहू द्या, आणि शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणी संध्याकाळी माशा परतल्यावर करायला सांगा, तीही फुलोरा नसतानाच केली तर सगळ्यात बरं.