पाय उचला, काका

भूल उतरत असलेल्या पेशंटला मी एरवी आधी नाव विचारते. महाधमनीच्या ऑपरेशननंतर मात्र माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, उजवा पाय उचला. आता डावा." बाकी सगळं त्यानंतर.

मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, मागच्या बाजूनं निघतात. महाधमनीची भिंत कमजोर होऊन फुगते, त्या फुग्याच्या आतून कापडी नळी, म्हणजे स्टेंट ग्राफ्ट बसवला की त्यांतल्या बऱ्याच धमन्यांची तोंडं झाकली जातात. फुगा जेवढा लांब, तेवढ्या जास्त. सर्जनचं काम अगदी निर्दोष झालं तरी पेशंटचे पाय लुळे पडू शकतात. नातेवाइकांना ही गोष्ट समजावताना मला दरवेळी जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय मी संमतीपत्रावर सही घेत नाही.

हे काका 76 वर्षांचे. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेली, एक जिना चढला की धाप, हृदयात आधीच स्टेंट, मूत्रपिंडाचं काम मंदावल्यानं क्रिएटिनिन वाढलेलं. फुगा छातीच्या खालच्या भागापासून मूत्रपिंडांच्याही खालपर्यंत, व्यास 7 सेंटिमीटर. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटरची असते. फुगा वाढतो तसा भिंतीवरचा ताण वाढतो आणि भिंत पातळ होत जाते. तो फुटला तर बहुतेक जण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत.

काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, मी टेबलावरच जाईन का?"

ओपन सर्जरी केली असती तर ती भीती खरी होती. छातीपासून पोटापर्यंत चीर, डावं फुफ्फुस मिटवून एकाच फुफ्फुसावर श्वास, महाधमनीवर क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, आणि तेवढा वेळ मूत्रपिंडं, यकृत, आतडी रक्ताविना. तरुण, धडधाकट पेशंटमध्ये ही शस्त्रक्रिया आजही उत्तम आणि टिकाऊ आहे. पण काकांची फुफ्फुसं ते सोसणारी नव्हती. म्हणून जांघेतल्या धमनीतून जायचं ठरलं. आतडी, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या चार धमन्यांसाठी चार फांद्या असलेला ग्राफ्ट, त्यांच्याच सीटी स्कॅनच्या मापानं बनवलेला. तो तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत काकांना पाठ जरा दुखली तरी मुलगी फोन करायची आणि प्रत्येक फोन मला खराच वाटायचा.

मायकेल डीबेकींचं उदाहरण बरेच नातेवाईक देतात. डेक्रॉन या कृत्रिम कापडाची धमनी रुजवणारे सर्जन. त्यांची स्वतःचीच महाधमनी आतून फाटली आणि 2006 मध्ये, 97 व्या वर्षी, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते 2008 पर्यंत जगले. खरंच आहे, नुसत्या वयावरून कुणाला नाही म्हणू नये. पण त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी रुग्णालयात काढले, हेही मी सांगते. आणि ब्रिटनमधल्या 'एव्हर 2' या अभ्यासाबद्दलही. ओपन सर्जरी न झेपणाऱ्या पेशंटमध्ये, तुलनेनं सोप्या फुग्यांसाठी, आतून ग्राफ्ट बसवला. फुग्यामुळे होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही. हृदय आणि फुफ्फुसांनी आपला हिशेब वेगळा ठेवला होता. त्यामुळे 'करता येईल का' याआधी 'फुग्यातून वाचले तर पुढे काय' हे विचारावंच लागतं. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी हे सगळं शांतपणे ऐकून नको म्हटलं होतं. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. काका मात्र रोज अर्धा तास का होईना चालत होते, स्वतःचं सगळं स्वतः करत होते.

आम्ही काम दोन टप्प्यांत केलं. आधी छातीतला तुकडा बसवला, मग काही आठवडे थांबून फांद्यांचा. मधल्या काळात मज्जारज्जूभोवतीच्या लहान वाहिन्यांचं जाळं सरावतं, बाजूच्या वाटा रुंदावतात. दुसऱ्या टप्प्याआधी मी कमरेतून बारीक नळी, म्हणजे ड्रेन, घातली. मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं काढलं की तिथला दाब उतरतो आणि रक्ताला आत शिरायला जागा मिळते. हे पाणी घाईनं काढलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तासाला मोजकेच मिलिलिटर.

टेबलावर सगळं नीट झालं. दोन्ही पाय उचलले. मी घरी गेले.

दुसऱ्या रात्री तीनला आयसीयूतून फोन आला. सिस्टर दर तासाला पाय तपासत होत्या. दोनला दोन्ही पाय वर गेले होते, तीनला डावा गादीवरून उठेना. मध्यरात्री बीपी जरा खाली आलं होतं. दुसऱ्या कुणाला वरचं बीपी 110 असेल तर छान म्हणावं, काकांच्या मज्जारज्जूला ते पुरत नव्हतं. औषधानं सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) 100 च्या आसपास चढवला, ड्रेन थोडा उघडला, हिमोग्लोबिन उतरलं होतं म्हणून रक्त दिलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. चाळीस मिनिटांनी अंगठा हलला. सकाळी सातला गुडघा वाकला. ती तपासणी तीन तासांनी एकदा असती तर काय झालं असतं, हे मी सिस्टरांना सगळ्यांसमोर सांगितलं.

घरी सोडताना काकांच्या बीपीच्या तीनपैकी दोन गोळ्या आम्ही महिनाभर बंद ठेवल्या. मुलगी गोंधळली, "आयुष्यभर बीपी कमी करा म्हणत आलात ना?" मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : सर्जनला विचारल्याशिवाय गोळ्या वाढवू नयेत. पाय जड वाटला, लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता लगेच यावं. पहिला सीटी एक महिन्यानं, पुढे दरवर्षी.

महिन्याच्या सीटीत चारही फांद्या उघड्या दिसल्या. फुग्यात एका लहान धमनीतून थोडं रक्त अजून झिरपतंय. सध्या त्यावर फक्त लक्ष ठेवायचं आहे.