ओढून बघितलंस का?

परवा दुपारी पर्समध्ये पेन शोधत होते, तर हाताला लाकडाचा ठोकळा लागला. काड्यापेटीहून जरा मोठा, गुळगुळीत. त्याला सुतळीने बांधलेली पितळी किल्ली, आणि ठोकळ्यावर डाग देऊन काढलेली अक्षरं : घेवडा.

"घेवडा काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"आमची खोली."

वाईच्या पुढे, शेतातल्या त्या हॉटेलात खोल्यांना नंबर नव्हते. हळद, ऊस, स्ट्रॉबेरी आणि घेवडा. आम्ही चौघी. दोघी हळदीत, दोघी घेवड्यात. "हळदीतल्या अजून उठल्या नाहीत का?" असली वाक्यं दोन दिवस सरळ चेहऱ्याने बोललो. आणि निघताना घेवड्याची किल्ली परत द्यायची विसरली कोण, तर मी. कुलूप-किल्ल्यांच्या बाबतीत मला घरात ठाणेदार म्हणतात.

लपवून उपयोग नाही, कुलूप ओढून बघितल्याशिवाय मला कुठे निघता येत नाही. एकदा नाही, तीनदा. दोनदाच ओढलं गेलं तर जिन्यात पाऊल अडतं. आमच्या फ्लॅटच्या दाराला लॅच आहे, ते आपोआप लागतं, लागल्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो, तरी मूठ धरून तीन हिसके. या ट्रिपला निघतानाही तेच. पहाटे साडेपाच, खांद्याला बॅग, काखेत भडंगाचा डबा, आणि माझं दार ओढणं चाललेलं. तिसऱ्या हिसक्याला आतून आवाज आला, "अगं, मी आहे ना घरात!"

खरंच की.

हे आलं अण्णांकडून. सांगलीला गावभागात आमचं घर होतं. दोन फळ्यांचं दार, कडीकोयंडा, आणि त्यात अडकवलेलं पितळी अलिगढी कुलूप, हातात घेतलं की माझं मनगट वाकायचं. मे महिन्यात आजोळी रत्नागिरीला जायचं असे. आदल्या दिवसापासून आईची लगबग. दूध आटवून टाक, विरजण शेजारच्या काकूंकडे दे, तुळशीच्या कुंडीत पाण्याची बाटली उपडी खोच, दशम्या फडक्यात बांध. पहाटे टांगा दारात. अण्णा सगळ्यांना बाहेर काढायचे, मग दार, मग कुलूप, मग ओढणं. एक. दोन. तीन. टांग्याचा घोडासुद्धा तिसरा आवाज झाल्यावरच मान हलवायचा, असं मला पक्कं आठवतं. धाकटा भाऊ म्हणतो, काहीतरी सांगू नकोस.

टांगा मारुती चौकात आला की अण्णांचा चेहरा बदलायचा. आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. रस्त्याकडे तोंड ठेवूनच म्हणायची, "या जाऊन." अण्णा उतरून चालत परत घरी, आम्ही टांग्यात, टांगेवाला बिडी पेटवून निवांत. एकदा यात एसटी खरंच चुकली. दुसरी गाडी येईपर्यंत दशम्या स्टँडवरच संपल्या, आंबा घाटात पोचेतो ऊन चढलं, मी दोनदा ओकले, आणि आईने अख्खा घाट उतरेपर्यंत अण्णांशी शब्द काढला नाही. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्यावर एवढंच विचारलं, "लागलेलं होतं ना?"

"होतं."

अण्णांचं म्हणणं असं, की किल्ली फिरली म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे. कधी कधी दांडी भोकात अर्धीच बसते, किल्ली आपली फिरते, बघणाऱ्याला वाटतं लागलं. ओढल्याशिवाय कळत नाही. हे पटण्यासारखं आहे. पण घरी तीनदा ओढून झाल्यावर मारुती चौकातून परत का जायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मुलं असले प्रश्न विचारत नाहीत. ती फक्त उचलतात.

तर ट्रिप. आम्ही चौघी शाळेपासूनच्या, आणि दोन रात्रींचं जाणं ठरायला आम्हाला अडीच वर्षं लागली. कधी हिची सून बाळंत, कधी तिचे गुडघे. शेवटी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलो, तेव्हा बँकवालीने गाडीतून घरी तिसरा फोन केला. गॅस बंद आहे का, गिझर बंद आहे का. मग कुलपाचा विषय निघाला आणि माझी यथेच्छ टिंगल झाली. मास्तरीण म्हणाली, "वाईला विश्वकोशाचं ऑफिस आहे, हिला तिथे सोडू. कुलपाची नोंद लिहील, तीनदा तपासून." डॉक्टरणीने शनिशिंगणापूर काढलं. तिथे घरांना कुलपं लावायची पद्धतच नाही, २०११ साली एका बँकेने गावात बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. ते ऐकून बँकवाली एकदम गंभीर झाली. "माझी बदली तिथे झाली असती तर मी राजीनामा दिला असता," म्हणाली. छत्तीस वर्षं स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक सांभाळलेली बाई. तिचं दुःख खरं होतं.

आराम करायला गेलो होतो, पण आराम हा काही येता-जाता जमणारा प्रकार नाही. पहिल्या सकाळी साडेपाचला चौघींना जाग आली. चहा आठला मिळणार होता. अंथरुणाच्या घड्या घालून झाल्या, कारण तशीच सोडून बाहेर यायची हिंमत कुणाचीच नव्हती. मग शाली गुंडाळून पायरीवर बसलो. ऊसाच्या शेतावर धुकं, कुठेतरी मोटर चालू झाल्याचा आवाज, आणि चार बायका हात मांडीवर ठेवून. अर्ध्या तासाने बघते तर बँकवाली गायब. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर तिथल्या मावशींच्या शेजारी बसून पावटा सोलत होती. सातपर्यंत आम्ही सगळ्याच तिथे. पैसे भरून पावटा सोलला, आणि खरं सांगायचं तर ट्रिपमधला सगळ्यात छान तास तोच होता. मावशींनी सुनेची गाऱ्हाणी सांगितली, आम्ही आमची सांगितली, चहा वेळेआधी मिळाला.

हॉटेलमालकांनी हौसेने खोल्यांना जुन्या पद्धतीची दारं बसवलेली. कडी, कोयंडा, छोटंसं पितळी कुलूप. इतक्या वर्षांनी कडीत कुलूप अडकवलं, दाबलं, आणि हात आपोआप खाली आला. एक. दोन. तीन. झाडांना पाणी घालणारे मामा पाइप तसाच धरून बघत राहिले.

"ताई, हितं कोण येतंय?"

"सवय आहे हो."

"वांदरं येत्यात. पर ती कौलावरनं येत्यात."

यावर काय बोलणार. घेवड्याच्या कौलांकडे एकदा बघून घेतलं आणि गाडीत बसले.

मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीला उतरत जाणारा घाट, आणि घाटावर ती मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून जिंकल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा इकडे आल्या, त्यातलीच ही. घंटेवर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे; घाटावर येणारी कुणीतरी तिला हळदकुंकूही लावून गेली होती. डॉक्टरीण म्हणाली, "एवढ्या मोठ्या किल्ल्याला काय कुलपं कमी होती?" मी हसले नाही. रागावले, असं त्यांना वाटलं. मी नदीकडे बघत होते.

कृष्णा तिथे किती शहाण्यासारखी वागते. घाटाच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी हात लांबवल्यावर मिळावं इतक्या अंतरावर, स्वच्छ, तळाचे गोटे दिसताहेत, एक बाई परकराचा बोळा करून दगडावर आपटतेय. हीच पुढे आमच्या सांगलीला येते. आयर्विन पुलाखालून जाते. त्या पुलाजवळची पातळी हा सांगलीकराचा ब्लडप्रेशर. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईला असलेली आमची सगळी पोरं एकमेकांना फोन करून हवापाणी न विचारता फूट विचारतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. आई तेव्हा नव्हती. अण्णा एकटे, वय ब्याऐंशी. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी त्यांना उचलूनच न्यायची तयारी केली होती. हे म्हणाले, थांबा. दाराला कुलूप लावलं. नंतर त्या पोरांनीच मला सांगितलं, "ताई, घोट्याला पाणी लागलेलं आणि आजोबा कुलूप ओढत उभे." संध्याकाळी विट्याहून, नातेवाइकांच्या घरून त्यांचा फोन आला. मी रडत होते. ते म्हणाले, "काळजी करू नकोस. तीनदा ओढून बघितलंय."

पाणी उतरल्यावर मी आणि भाऊ त्यांना घेऊन गेलो. गल्लीभर वास, लोकांनी बाहेर काढून ठेवलेल्या गाद्या, भिजून फुगलेली वह्यापुस्तकं. आमचं दार बंद होतं. कुलूप जागच्या जागी. पण त्याच्या भोकात गाळ बसून सुकलेला, किल्ली अर्धीसुद्धा आत जाईना. आधी खोबरेल घातलं, मग शेजारच्या मुलाने रॉकेल आणलं, केसातल्या पिनेने मी गाळ कोरत बसले. काही होईना. शेवटी करवतीने दांडी कापावी लागली. आत भिंतीवर पाण्याची रेघ, आई-अण्णांच्या लग्नातल्या फोटोच्या खिळ्याच्या वर. फोटो खाली चिखलात पालथा. भाऊ काही न बोलता पाटीने गाळ ओढायला लागला.

अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते. हातात ते कापलेलं कुलूप. दांडीचा उरलेला तुकडा त्यांनी ओढून बघितला आणि मला दाखवत म्हणाले, "लागलेलं होतं बघ."

ते गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही घर विकलं. घेणारं जोडपं तरुण होतं, चांगलं होतं, ती मुलगी पोटुशी होती. सगळ्या सह्या झाल्यावर शेवटचं एकदा घर बघून आम्ही बाहेर आलो. कुलूप आता नवीन होतं, पुरानंतर घेतलेलं. मीच लावलं, किल्ल्या त्या मुलाच्या हातात दिल्या, आणि वळून ओढायला लागले. एक झालं. दुसऱ्याला तो हळूच म्हणाला, "ताई, राहू द्या. आता आम्ही बघतो."

मी हात काढून घेतला. तिसरं राहिलंच.

असो. हॉटेलात फोन केला होता. मामाच बोलले. म्हणाले, दुसरी किल्ली आहे, सावकाश पाठवा, नाहीतर पुढच्या वेळी येताना घेऊन या. पुढची वेळ म्हणजे आणखी अडीच वर्षं, तेव्हा पाठवलेली बरी. पाकीट तयार आहे. कोपऱ्यावरचा कुरियरवाला पाचला दुकान उघडतो. नवरा आत झोपलाय.

हळूच ओढेन.